डॅफोडिल्स बघून कवीला नक्की मिळालं काय? रोमँटिक कवितेतला निसर्ग, सोप्या भाषेत

"निसर्ग माणसाला चिरंतन आनंद देतो आणि शहाणपण शिकवतो." इंग्रजी साहित्य घेतलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य पेपरात एकदा तरी लिहिलेलं असतं, गाईडमध्ये असतं, नोट्समध्ये असतं, मार्कही मिळतात. पण कसा देतो असं विचारलं की पंचाईत होते. फुलं बघितली, छान वाटलं, घरी आलो, दुसऱ्या दिवशी लाइटबिल भरायचं आहेच, मग तो आनंद टिकाऊ कसा म्हणायचा? आणि डोंगर बघून माणूस शहाणा कसा काय होतो, डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढलेली सगळी माणसं शहाणी असतात का? हे प्रश्न बावळट अजिबात नाहीत, उलट हेच खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं त्या कवितांमध्येच आहेत. हल्ली तर ट्रेकच्या जाहिरातीपासून रिसॉर्टच्या ब्रोशरपर्यंत सगळीकडे "निसर्गात या, मन शांत होईल" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ही कल्पना मुळात काय होती ते नीट समजून घ्यायला हवं, कारण मूळ कल्पना यापेक्षा फार खोल आणि थोडी कडवट आहे.

मी इथे मुख्यतः विल्यम वर्ड्सवर्थ (१७७०–१८५०) या एका कवीला धरून चालणार आहे. बाकीचे येतील, पण जिथे त्याच्याशी त्यांचं पटत नाही तिथे.

## आधी थोडं बेसिक

रोमँटिक काळ म्हणजे इंग्रजी कवितेतली साधारण १७९० ते १८३० ही वर्षं. ब्लेक, वर्ड्सवर्थ, कोलरिज, बायरन, शेली, कीट्स ही त्यातली मोठी नावं. त्यांच्याआधीच्या पिढ्यांचा भर बुद्धीवर, शिस्तीवर, शहरी सभ्यपणावर होता, या लोकांनी भावना, आठवण, कल्पनाशक्ती आणि निसर्ग यांना मध्यभागी आणलं. एवढी व्याख्या आपल्याला पुरे.

का आणलं हे मात्र बघायला पाहिजे. तेव्हा इंग्लंडमध्ये कापडगिरण्या उभ्या राहत होत्या, गावोगावच्या गायरानांना संसदेचे कायदे करून कुंपणं घातली जात होती, आणि शेजारी फ्रान्समध्ये १७८९ ला क्रांती झाली होती. वर्ड्सवर्थ १७९१ च्या शेवटी फ्रान्सला गेला, क्रांतीने भारावला, तिथे अ‍ॅनेट व्हॅलों नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, डिसेंबर १७९२ मध्ये त्यांना मुलगी झाली. पण तोपर्यंत पैसे संपले म्हणून तो इंग्लंडला परतला होता आणि फेब्रुवारी १७९३ मध्ये दोन देशांत युद्ध सुरू झालं, म्हणजे बायको म्हणायची ती बाई आणि मूल शत्रूच्या देशात, हा इकडे, आणि ज्या क्रांतीवर जीव टाकला होता तिच्यात पुढे गिलोटिनवर मुंडकी उडायला लागली. वय तेवीस. आई तो आठ वर्षांचा व्हायच्या आधीच गेलेली, वडील तेराव्या वर्षी गेलेले. हा माणूस निसर्गाकडे वळतो तेव्हा तो सुट्टीवर आलेला टूरिस्ट नाहीये, सगळीकडून मोडून आलेला माणूस आहे, हे लक्षात ठेवलं की पुढच्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात.

## १५ एप्रिल १८०२ ला नक्की काय झालं होतं

वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता सगळ्यांना माहीत असते. ढगासारखा एकटा भटकत होतो, अचानक तळ्याकाठी हजारो पिवळी फुलं वाऱ्यावर नाचताना दिसली, वगैरे. पण त्या दिवसाची खरी नोंद आपल्याकडे आहे, आणि ती कवीची नाही, त्याच्या बहिणीची आहे. डोरोथी वर्ड्सवर्थ रोजनिशी लिहायची आणि निरीक्षणाच्या बाबतीत ती भावाच्या तोडीस तोड होती, माझं मत विचाराल तर काही वेळा वरचढच.

दोघं एका स्नेह्यांच्या घरून निघून अल्सवॉटर या मोठ्या तळ्याच्या काठाने पायी घराकडे चालले होते. वारा इतका जबरदस्त होता की परत फिरावं का असं त्यांना वाटलं. मध्ये एका नावघरात थांबून दम खाल्ला. गोबॅरो पार्कच्या पुढच्या झाडीत पाण्यालगत आधी थोडीशीच डॅफोडिल्स दिसली, तळ्याच्या पाण्याने बिया काठाला आणून टाकल्या असतील असा त्यांनी अंदाज केला, आणि पुढे जातील तशी अजून, अजून, शेवटी झाडांखाली काठाकाठाने हमरस्त्याच्या रुंदीचा लांबच लांब पट्टा. डोरोथी लिहिते की काही फुलांनी थकल्यासारखी दगडांवर उशीसारखी मान टेकली होती आणि बाकीची डोलत, झोकांड्या खात, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जणू खरोखर हसत होती. नंतर पाऊस आला, दोघं भिजून पॅटरडेलच्या खाणावळीत पोचली, हॅम आणि बटाट्यांचं जेवण केलं, गरम पाण्यातून रम घेतली. झालं. एवढाच तो प्रसंग.

आता बघा, कवितेत "मी एकटा" आहे आणि प्रत्यक्षात बहीण बरोबर होती, त्यामुळे काही जण म्हणतात की कवी खोटं बोलला. मला ते तितकं गंभीर वाटत नाही. पण डोरोथीचं नाव घेतल्याशिवाय ही कविता शिकवू नये एवढं मात्र मनापासून वाटतं, कारण हसणारी आणि नाचणारी फुलं आधी तिच्या वहीत आहेत. शेवटच्या कडव्यातल्या, मनाच्या आतल्या डोळ्यावर फुलं चमकून जाण्याच्या ज्या दोन ओळी आहेत त्या त्याच्या बायकोच्या, मेरीच्या, हे तर त्याने स्वतःच सांगितलंय, आणि कवितेतल्या सगळ्यात चांगल्या त्याच, असंही.

## मग यात टिकणारं काय आहे

कविता लिहिली गेली १८०४ मध्ये. म्हणजे फुलं दिसल्यावर जवळपास दोन वर्षांनी. छापली १८०७ मध्ये, आणि तरीही समाधान नव्हतं म्हणून १८१५ च्या आवृत्तीत एक अख्खं कडवं वाढवलं. हा उशीर हाच मुद्दा आहे.

कविता पुन्हा वाचा आणि फक्त क्रियापदांचा काळ बघा. पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत: भटकलो, पाहिली, बघत राहिलो. आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तो कबूल करतो की बघत होतो तेव्हा या दृश्याने मला केवढी दौलत दिली आहे याचा विचारही मनात आला नाही. मग चौथं कडवं एकदम वर्तमानकाळात येतं. मी कोचावर पडलेलो असतो, कधी रिकाम्या मनाने, कधी विचारात बुडून, तेव्हा ती फुलं आत चमकून जातात आणि मन त्यांच्याबरोबर नाचायला लागतं. आणि हे एकदा नाही, वारंवार होतं. म्हणजे कवीच्या हिशेबाने आनंद तळ्याकाठी घडला तो कच्चा होता, पक्का झाला तो घरात, कोचावर, फुलं डोळ्यासमोर नसताना.

आपल्याकडे आंबा झाडावरून उतरवतात तेव्हा तो कच्चाच असतो, मग पेंढ्यात अढी लावून अंधारात ठेवतात, आणि गोडी तिथे येते. वर्ड्सवर्थचं आठवणीबद्दलचं म्हणणं जवळपास हेच आहे. १८०० मध्ये त्याने 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीला मोठी प्रस्तावना लिहिली, त्यात तो म्हणतो की कविता म्हणजे उत्कट भावनांचं आपोआप ओसंडणं, पण लगेच पुढे हेही म्हणतो की ती उगम पावते शांतपणे पुन्हा आठवलेल्या भावनेतून. लोक पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवतात. दुसरा अर्धा भाग नसेल तर त्याच्या निसर्गाला काही अर्थच उरत नाही.

म्हणूनच नुसतं "जाऊन आलो" याने काही होत नाही. तिथे असताना लक्ष पूर्ण द्यावं लागतं, तो दोनदा सांगतो की मी बघत राहिलो, बघत राहिलो, आणि मग वेळ जाऊ द्यावा लागतो.

## ठीक आहे, आनंद समजला. पण शहाणपण?

यासाठी दुसरी कविता घ्यावी लागते, १३ जुलै १७९८ ही तारीख शीर्षकातच असलेली, 'टिंटर्न अ‍ॅबीच्या काही मैल वर' लिहिलेली. नावात मठ आहे पण कवितेत मठाचे अवशेष नाहीतच, वाय नदीचा काठ आहे. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १७९३ मध्ये, तो याच जागी एकटा आला होता. फ्रान्सहून परतलेला, युद्ध सुरू झालेलं, तो तेवीस वर्षांचा मुलगा. आता अठ्ठावीसचा आहे आणि डोरोथी बरोबर आहे.

कवितेत तो स्वतःच्या तीन अवस्था सांगतो. लहानपणी निसर्ग म्हणजे हुंदडणं, शरीराचा आनंद, विचार नाही. तरुणपणी वेड, धबधबा त्याला झपाटून टाकायचा, पण तो म्हणतो (आणि ही मला त्यातली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते) की मी तेव्हा आवडत्या गोष्टीकडे धावणाऱ्यासारखा नव्हतो, भीतीपासून पळणाऱ्यासारखा होतो. आणि आता तिसरी अवस्था: ते वेड गेलं, ते झिंग आणणारे आनंद गेले, आणि त्याबद्दल तो रडत नाही कारण बदल्यात काहीतरी मिळालंय. काय मिळालं? निसर्गाकडे बघताना आता त्याला माणसांच्या जगण्याचं एक शांत, उदास संगीत ऐकू येतं, जे कर्कश नाही पण माणसाला नमवायला, निवळायला पुरेसं आहे.

हे शहाणपण आहे. झाडाने काही उपदेश केला नाही. जागा तीच राहिली, नदी तीच, कडे तेच, आणि त्यामुळे आपण किती बदललो ते त्याला दिसलं. माणसाला स्वतःतला बदल एरवी कळत नाही कारण आजूबाजूचं सगळंच बदलत असतं.

अजून एक गोष्ट तो सांगतो जी पटकन निसटते. या पाच वर्षांत शहरातल्या एकाकी खोल्यांमध्ये, गोंगाटात, थकलेल्या वेळी त्याला हे नदीकाठचं दृश्य आठवायचं आणि रक्तात, हृदयात काहीतरी गोड उतरायचं, इथपर्यंत ठीक, डॅफोडिल्ससारखंच झालं. पण तो पुढे म्हणतो की अशा विसरलेल्या आनंदांचा परिणाम माणसाच्या चांगल्या वागण्यावरही होत असावा, त्या छोट्या, बिननावाच्या, आठवणीतही न राहणाऱ्या दयेच्या आणि प्रेमाच्या कृतींवर. ज्याचं आतलं भांडार भरलेलं आहे तो लोकांशी जरा बरा वागतो, इतकं साधं म्हणणं. आणि लगेच शंकाही घेतो, हा माझा पोकळ विश्वास असेल तर? ही शंका कवितेत ठेवली आहे म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

## "पण मूडच नसेल तर? काही वाटतच नसेल तर?"

हा आक्षेप सगळ्यात जोरदार आहे आणि तो घेतला वर्ड्सवर्थच्या जिवलग मित्राने. सॅम्युएल टेलर कोलरिज. ४ एप्रिल १८०२ ही तारीख घातलेलं एक लांबलचक पद्यपत्र त्याने लिहिलं, म्हणजे डॅफोडिल्स दिसण्याच्या अकरा दिवस आधी. संसार बिघडलेला, अफूचं व्यसन, दुसऱ्याच बाईवर प्रेम. तो संध्याकाळचं आकाश बघतोय, ढग, तारे, चंद्रकोर, सगळं सुंदर आहे हे त्याला कळतंय, आणि तो म्हणतो की हे किती सुंदर आहे ते मला दिसतं पण जाणवत नाही. ज्यांनी डिप्रेशन जवळून पाहिलंय त्यांना ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे तो जे म्हणतो ते वर्ड्सवर्थच्या थेट विरुद्ध जातं: निसर्गाकडून आपल्याला तेवढंच मिळतं जेवढं आपण त्याला देतो, निसर्ग जगतो तो आपल्याच जिवावर. आत झरा आटला असेल तर बाहेरच्या रंगांकडून तो भरून येणार नाही. २१ एप्रिलला त्याने हे वर्ड्सवर्थ आणि डोरोथीला म्हणून दाखवलं, डोरोथीने ते ऐकून आपलं मन हललं अशी नोंद केली आहे. त्यातून घडलेली 'डिजेक्शन' (म्हणजे खिन्नता) ही ओड, म्हणजे गंभीर सुरातली लांब भावकविता, ४ ऑक्टोबर १८०२ ला वर्तमानपत्रात छापून आली, नेमकं त्याच दिवशी वर्ड्सवर्थचं लग्न होतं.

मला वाटतं दोघंही बरोबर आहेत आणि त्यांना एकत्र वाचल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. टिंटर्नच्या कवितेत वर्ड्सवर्थही म्हणतोच की डोळा आणि कान जे अनुभवतात ते अर्धं त्यांनीच घडवलेलं असतं. फरक एवढाच की कोलरिजच्या हिशेबात तो आतला अर्धा भाग कायमचा बंद पडू शकतो. कुणी आजारी मनाच्या माणसाला "जरा बाहेर फिरून ये, बरं वाटेल" असं सहज म्हणत असेल तर त्याने कोलरिज वाचावा.

## "निसर्ग काय नेहमी प्रेमळ असतो का?"

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला निसर्ग कधी दगा देत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणि वर्ड्सवर्थने टिंटर्नमध्ये अगदी तेच म्हटलंय, की निसर्गाने त्याच्यावर प्रेम करणाऱ्या हृदयाचा कधी विश्वासघात केला नाही. इंग्रज लेखक अल्डस हक्सलीने १९२९ च्या आपल्या निबंधसंग्रहात यावर चांगलं बोट ठेवलंय, त्याचा मुद्दा असा की ही निसर्गपूजा इंग्लंडच्या माणसाळलेल्या, आखीवरेखीव निसर्गात चालते, उष्ण कटिबंधातल्या जंगलात आणून बघा म्हणजे कळेल.

आक्षेप खरा आहे, पण वर्ड्सवर्थची सगळी कविता वाचली तर तो अर्धाच खरा ठरतो. 'द प्रिल्यूड' हे त्याचं प्रचंड आत्मचरित्रात्मक काव्य, आयुष्यभर लिहीत राहिला आणि ते छापलं गेलं तो गेल्यावर, १८५० मध्ये. त्याच्या पहिल्याच भागात नाव चोरल्याचा प्रसंग आहे. शाळकरी मुलगा एका संध्याकाळी दुसऱ्याची नाव सोडवून घेतो आणि वल्हवायला लागतो. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते आणि तोंड मागे, त्यामुळे ज्या काठावरून निघालो तो काठच त्याला दिसत राहतो. समोर एक कडा आहे, तो दिशेसाठी त्याच्या माथ्यावर नजर रोखून वल्हवतोय. नाव जशी लांब जाते तसा त्या कड्याच्या मागे दडलेला दुसरा उंच काळा डोंगर हळूहळू वर डोकं काढायला लागतो. साधी भूमिती आहे, लांब गेलं की मागचं उंच दिसायला लागतं. पण मुलाच्या मनात चोरीची बोच आहे आणि त्याला दिसतं ते असं की डोंगर जिवंत होऊन वाढतोय आणि एकेक पाऊल टाकत आपल्यामागे येतोय. जितकं जोरात वल्हवावं तितका तो मोठा होतो! तो थरथरत नाव वळवतो, होती तिथे बांधून घरी जातो, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात झाडं नाहीत, आकाश नाही, शेतांचे हिरवे रंग नाहीत, फक्त माणसांसारखे न जगणारे प्रचंड आकार फिरत राहतात. यात गोडगोड काय आहे? काही नाही. पण चूक आणि बरोबर यांची जाणीव त्याला अशी अंगात मुरून मिळाली, कुणी छडी न मारता.

त्याच काव्यात तो म्हणतो की आयुष्यात काही ठरावीक क्षण असे असतात ज्यांच्यात मनाला नकळत दुरुस्त करायची ताकद असते. मग उदाहरणं देतो, आणि वाचणारा चक्रावतो, कारण ती सुंदर नाहीतच. एक उदाहरण तेराव्या वर्षाचं. नाताळची सुट्टी, घरी न्यायला घोडे येणार म्हणून तो एका उंच खडकावर वाट बघत बसलाय, वादळी धुक्याचा दिवस, एका बाजूला एकच मेंढी, दुसऱ्या बाजूला एक वाकडं काटेरी झुडूप. घरी पोचला आणि दहा दिवसांच्या आत वडील गेले. ती मेंढी, ते झुडूप, तो वारा आणि धुकं कायमचे वडिलांच्या मृत्यूला चिकटले. आणि तो म्हणतो की मोठेपणी मी पुन्हा पुन्हा त्या आठवणीकडे जायचो, झऱ्यावर पाणी प्यायला जावं तसा. हे कसं काय हे मला पूर्ण समजावून सांगता येईल असं नाही, पण दुःखाला एक जागा मिळाली की ते पेलता येतं हे ज्यांचं कोणी गेलंय त्यांना पटेल. माणूस गेला तो दिवस आठवताना आपल्यालाही खिडकीतलं ऊन आठवतं, अंगणातला चिखल आठवतो.

आणि शेवटी त्याने आपलं वाक्य मागे घेतलंच. ५ फेब्रुवारी १८०५ ला त्याचा लाडका भाऊ जॉन, जो ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अर्ल ऑफ अबरगेव्हनी' जहाजाचा कप्तान होता, बंगाल आणि चीनकडे निघालेला असताना इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर वादळातल्या किल्ल्याच्या एका चित्रावर लिहिलेल्या शोकगीतात वर्ड्सवर्थ म्हणतो की पूर्वी मी समुद्र शांत, हसरा रंगवला असता, आता नाही, एक शक्ती माझ्यातून गेली ती परत येणार नाही, आणि या खोल दुःखाने माझा आत्मा माणसांत आणला. त्याच्या निसर्गविचारातली ही सगळ्यात मोठी ओळ आहे असं मी मानतो, पण अभ्यासक्रमात ती क्वचितच असते.

केशवसुत, बालकवी यांच्या पिढ्यांवर इंग्रजी रोमँटिक कवितेचा प्रभाव होता हे आपण शाळेत शिकतो, पण बालकवी म्हटलं की श्रावण आणि फुलराणीच आठवतात. 'औदुंबर' मधली उदासी बघितली तर तिथेही निसर्ग म्हणजे नुसता हर्ष नाही.

## "हे सगळे रिकाम्या लोकांचे चोचले"

काही प्रमाणात हो. टिंटर्नच्या आसपास त्या काळी लोखंडाच्या भट्ट्या होत्या, मठाच्या अवशेषांत भिकारी राहायचे, तेव्हाच्या प्रवासवर्णनांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि वर्ड्सवर्थच्या कवितेत त्यातलं फक्त झाडांतून निघणारा धूर आणि बेघर भटक्यांचा ओझरता उल्लेख एवढंच आलंय. टीकाकारांनी यावर त्याला धारेवर धरलंय आणि ते योग्यच आहे.

पण निसर्गाचा आनंद फक्त फुरसतवाल्यांचा, असं म्हणणाऱ्यांना मी जॉन क्लेअर (१७९३–१८६४) दाखवतो. मळणी करणाऱ्या मजुराचा मुलगा, स्वतः शेतमजूर, चुनाभट्टीवरही राबलेला. त्याचा निसर्ग लांबून बघितलेला देखावा नाही, गुडघ्यावर बसून बघितलेला आहे. पक्ष्यांच्या घरट्यांवर त्याच्या कविता आहेत, एका पिवळ्या पक्ष्याच्या अंड्यांवर शाईने गिरगटल्यासारख्या रेषा असतात हे तो टिपतो, आणि तशा त्या खरंच असतात. १८०९ मध्ये त्याच्या हेल्पस्टन गावच्या मोकळ्या जमिनींना कुंपण घालायचा कायदा झाला, झाडं तुटली, पायवाटा बंद झाल्या, गुरं चारायची जागा गेली. क्लेअरचं शहाणपण इथून येतं: ज्या जागेवर आपला आनंद उभा आहे ती कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न तो विचारतो. वर्ड्सवर्थला आठवणीत जाऊन पुन्हा आनंद मिळतो, क्लेअरला आठवणीत जाऊन कळतं की परत जायला जागाच उरली नाही. शेवटची वीसेक वर्षं त्याने नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात काढली.

## "याचा कुणाला खरंच उपयोग झाला का?"

झाला, आणि पुरावा एका अत्यंत कोरड्या डोक्याच्या माणसाने लिहून ठेवलाय. तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. वडिलांनी तीन वर्षांचा असल्यापासून ग्रीक शिकवलं, सगळं शिक्षण तर्काचं. १८२६ मध्ये, विशीत, त्याने स्वतःला विचारलं की समाजात जे बदल व्हावेत असं मला वाटतं ते सगळे आत्ता या क्षणी झाले तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. आणि तो कोसळला. १८२८ च्या शरद ऋतूत त्याने वर्ड्सवर्थ वाचायला घेतला आणि आत्मचरित्रात तो लिहितो की या कविता माझ्या मनःस्थितीवर औषध ठरल्या. कारणही देतो: त्यांत नुसतं बाहेरचं सौंदर्य नव्हतं, त्या सौंदर्याने हललेल्या भावना आणि विचार होते, आणि हा आनंद असा होता की तो सगळ्या माणसांना वाटून घेता येईल, कुणाचं कमी न करता.

वैज्ञानिक बाजूने १९८४ चा रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या घेतल्या, एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. शिवाय तो बरं वाटण्याबद्दल बोलतो, शहाणं होण्याबद्दल नाही. त्यासाठी मिलचाच अनुभव जास्त जवळचा आहे.

## कवितेतून कायद्यापर्यंत

वर्ड्सवर्थने आपल्या लेक डिस्ट्रिक्टबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या डोंगर-तळ्यांच्या प्रदेशाबद्दल, एक मार्गदर्शिकाही लिहिली होती, तिच्यात तो म्हणतो की हा प्रदेश एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता समजली जावी, जिच्यावर बघायला डोळा आणि अनुभवायला हृदय असलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे. हा विचार पुढे फार लांब गेला. १८९५ मध्ये निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारा नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या तीन संस्थापकांपैकी रॉन्सली हे तिथलेच धर्मगुरू, लेक डिस्ट्रिक्ट वाचवण्यासाठी झगडलेले. १९५१ मध्ये तो भाग राष्ट्रीय उद्यान झाला, २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आला.

पण तोच वर्ड्सवर्थ १८४४ मध्ये विंडरमिअरला येणाऱ्या रेल्वेच्या विरोधात उभा राहिला, आणि त्याचं एक कारण असं की गिरणीकामगारांचे लोंढे आले तरी त्यांना हे सौंदर्य समजणार नाही, त्यासाठी मन हळूहळू तयार व्हावं लागतं. इथे तो साफ चुकला असं माझं मत आहे. ज्याने स्वतः लिहिलं की शहरातल्या एकाकी खोलीत नदीची आठवण माणसाला जगवते, त्याला गिरणीतल्या माणसाला त्या आठवणीची किती गरज आहे हे कळायला हवं होतं. रेल्वे १८४७ मध्ये सुरू झाली.

## वाचायचं असेल तर कुठून

डॅफोडिल्स आणि त्याबरोबर डोरोथीची १५ एप्रिलची नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. मग टिंटर्न, सलग, मोठ्याने, पहिल्यांदा अर्थ लागला नाही तरी थांबू नका, साधारण एकशे साठ ओळी आहेत. त्यानंतर कोलरिजची 'डिजेक्शन', लगेचच, मध्ये दुसरं काही नको. 'प्रिल्यूड' पूर्ण वाचायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, पहिल्या भागातला नावेचा प्रसंग आणि शेवटाकडचा घोड्यांची वाट बघण्याचा प्रसंग एवढे दोन काढा. क्लेअरच्या घरट्यांच्या कविता कधीही वाचा, त्यांना तयारी लागत नाही. आणि दोन आवृत्त्यांपैकी कुठली 'प्रिल्यूड' घ्यायची असं विचाराल तर १८०५ ची घ्या, म्हणजे त्याने तेव्हा लिहून ठेवलेला जुना मसुदा, तोही आता छापील मिळतो. १८५० च्या आवृत्तीत त्याने म्हातारपणी बरंच घासूनपुसून गुळगुळीत केलंय, जुनीत तो अजून जसाच्या तसा बोलतो.